सीओटूचा काटा हलत नाही आणि ऑक्सिजनचा थांबत नाही, असं का?

साचेवाला (उद्यमबाग)

मंडळी, प्रश्न शाळेतल्या पोरानं विचारावा असा आहे, पण आमच्या शॉपमध्ये यावरून रोज चहाला वाद होतोय, म्हणून धागा काढला.

आमच्या बेळगावच्या फाउंड्रीत कोअर (ओतकामात पोकळी राहावी म्हणून साच्यात बसवायचा वाळूचा ठोकळा) कडक करायला सीओटू, म्हणजे कार्बन डायऑक्साइड, मारतात. या धंद्याशी संबंध नसलेल्यांसाठी सांगतो: वाळूत सोडियम सिलिकेट कालवायचं, कोअरबॉक्समध्ये ठासायचं आणि नळीनं सीओटू सोडायचा. थोड्या सेकंदांत वाळू टणक. शेजारीच गॅसकटिंग चालतं, तिथं ऑक्सिजनच्या टाक्या.

ऑक्सिजनची भरलेली टाकी जोडली की गेज दीडशे बारच्या (एक बार म्हणजे साधारण आपल्या भोवतालच्या हवेच्या दाबाइतका) आसपास दाखवतं आणि वापराल तसा काटा उतरतो. काटा निम्म्यावर म्हणजे टाकी निम्मी, पोरांना पाठ आहे. सीओटूचं गणित वेगळंच. जानेवारीत सकाळी काटा पन्नासवर. टाकी भरलेली असो नाहीतर पाव उरलेली असो, काटा तिथंच. आणि मग संपायच्या वेळी एकदम खाली. तोवर कोअर अर्धा कडक, अर्धा कच्चा. रात्रपाळीला असं झालं की सकाळी शिव्या मला.

पुढचं अजून चक्रावणारं. एप्रिलमध्ये दुपारी भरलेली तीच टाकी नव्वदच्या वर दाखवते आणि तेव्हा मात्र वापरेल तसा काटा उतरतो. गेज बदलून बघितलं, रेग्युलेटर बदलून बघितला. फरक नाही. काय प्रकार आहे?

गोळीसोडा (निपाणी)

काटा जागचा हलत नाही म्हणजे तुम्ही सीमाप्रश्नाचीच टाकी लावली की हो.

वेल्डर_मच्छे

काय गा साचेवाला, यात अवघड काय हाय? दोन्ही टाक्यांत लिक्विडच असतंय. दीडशे बार दाबल्यावर गॅस लिक्विड न होऊन जाणार कुठं? सीओटूचं गेज सप्लायरच हलकं देतात, माझं स्पष्ट मत. आमच्याकडं सीओटू वेल्डिंगला पण हाच तरास हाय, त्यात रेग्युलेटरवर बर्फ धरायलंय ते वेगळंच.

हिडकलकर (संकेश्वर)

वेल्डरभाऊ, सप्लायरला सोडा. दीडशे काय, दीड हजार बार दाबा, मच्छेच्या हवेत ऑक्सिजन द्रव होणार नाही. आणि हे करून पाहिलेलं आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला व्हिएन्नातल्या नॅटररनं ऑक्सिजन, नायट्रोजन, हायड्रोजन यांच्यावर वातावरणाच्या दोन हजार पटींहून जास्त दाब दिला. एक थेंब पडला नाही. तेव्हा लोकांनी या वायूंना 'स्थायी वायू' असं नाव देऊन टाकलं होतं, म्हणजे हे कधी द्रव होणारच नाहीत असा निकाल.

मी तीस-एक वर्षं फिजिक्स शिकवलं, त्यामुळे थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

वायूचे रेणू एकमेकांना ओढतात, पण ही ओढ अगदी जवळ आल्यावरच जाणवते. दुसरीकडे उष्णतेमुळे ते सुसाट पळत असतात. दाब देऊन तुम्ही त्यांना जवळ आणता, वेग मात्र कमी करत नाही. वेग ओढीला भारी पडत असेल तर नुसती दाटी होते. वायू घट्ट होतो, द्रव होत नाही. ओढीनं त्यांना धरून ठेवावं यासाठी आधी तापमान एका ठरावीक रेघेखाली आणावं लागतं. या रेघेला क्रांतिक तापमान म्हणतात. रेघेच्या खाली दाब उपयोगी पडतो, वर पडत नाही.

आणि ही रेघ प्रत्येक वायूची वेगळी. ऑक्सिजनची उणे ११८ अंश सेल्सिअसच्या जरा खाली, नायट्रोजनची उणे १४७. सीएनजी रिक्षात जातो तो मिथेन, त्याची उणे ८२. उलट बाजूला प्रोपेन ९७, क्लोरीन १४४, पाण्याची वाफ ३७४. आणि सीओटू? ३१.

आता साचेवाल्यांची जानेवारीतली सकाळ घ्या. बेळगावात १५ अंश. सीओटू रेघेच्या बराच खाली, म्हणून टाकीत तळाला द्रव आणि वर त्याचाच वायू. तुम्ही वरचा वायू काढला की खालचा द्रव उकळून तेवढी भर घालतो. जोवर दोन्ही सोबत आहेत तोवर दाब ठरतो तो फक्त तापमानावर: शून्याला सुमारे ३५ बार, १५ ला ५१, २० ला ५७, २५ ला ६४. द्रव किती उरलाय, त्याची काट्याला खबरच नाही. शेवटचा द्रव उकळून गेला की उरतो नुसता वायू, आणि मग तो ऑक्सिजनसारखा वागतो, म्हणजे काढाल तसा दाब पडतो. तुम्हाला दिसणारं 'एकदम खाली' ते हेच.

एप्रिलच्या दुपारी पत्र्याच्या शेडमध्ये ३६-३८ अंश. टाकी रेघेच्या वर गेली. आत आता द्रव नाही आणि आपण ज्याला वायू म्हणतो तसा वायूही नाही. दोघांमधला पृष्ठभागच नाहीसा झालेला असतो. मागून भर घालायला द्रव नाही, म्हणून काटा उतरतो.

सीओटूची ही रेघ बेलफास्टच्या टॉमस अँड्र्यूज यांनी शोधली आणि १८६९ साली लंडनच्या रॉयल सोसायटीपुढच्या व्याख्यानात मांडली. काचेच्या नळीत दाबलेला सीओटू हळूहळू तापवत नेला तर द्रवाची कड आधी सपाट होते, मग पुसट, मग दिसेनाशी होते आणि नळीभर हलत्या रेघांची थरथर तेवढी उरते. बेलफास्टसारख्या थंड गावी त्यांना नळी मुद्दाम तापवावी लागली. आपल्याकडे एप्रिलची दुपार ते काम फुकटात करते आणि रात्र पुन्हा उलटं करून ठेवते. सीओटूची रेघ आपल्या हवेच्या मधोमध पडलीय, म्हणून तुमच्या शॉपमध्ये वाद होतोय. ऑक्सिजनवरून कुणी भांडत नाही, कारण तो आपल्याकडे कधी रेघेच्या जवळपासही येत नाही.

साचेवाला (उद्यमबाग)

सर, हे शाळेत कुणी सांगितलं असतं तर मी बॅकबेंचवर बसलो नसतो. म्हणजे काटा बघून सीओटू किती उरलाय ते कळायचंच नाही?

हिडकलकर (संकेश्वर)

नाही. वजन करा. रिकाम्या टाकीचं वजन तिच्या खांद्यावर ठोकलेलं असतं, ते वजा करा. तीस किलोवाली टाकी असेल तर त्यातून आपल्या हवेत साधारण सोळा घनमीटर वायू निघतो. ऑक्सिजनची नेहमीची उंच टाकी दीडशे बारला सात घनमीटर देते. दाब एक-तृतीयांश आणि माल दुपटीहून जास्त. द्रव करून ठेवण्यातला फायदा हा आहे.

वेल्डर_मच्छे

सर, तुमचं मान्य करायचं म्हटलं तरी एक सांगा. मोठ्या दवाखान्यांच्या मागं ती पांढरी उंच टाकी असतीया, टँकर येऊन लिक्विड ऑक्सिजन भरून जातंय. २०२१ ला तर टीव्हीवर दिवसभर तेच. मग ते लिक्विड कुठनं आलं?

कंप्रेसरवाला (शहापूर)

गार करून. त्या टाकीत दाब फार नसतोच मुळी, आत उणे १८० च्या आसपास असतं. बाहेरची टाकी दिसते ती कवच, आत दुसरी टाकी आणि मधे निर्वात पोकळी. तुम्ही लोखंडी टाकीत दाबून ठेवता, ते गार करून ठेवतात. एक लिटर द्रवाचा बाहेर आठशेहून जास्त लिटर वायू होतो, म्हणून टँकरनं आणणं परवडतं. एलएनजीचं, म्हणजे द्रव करून नेतात त्या नैसर्गिक वायूचं, तसंच, उणे १६२ ला नेला की मिथेन सहाशेव्या हिश्शात बसतो. सीएनजी मात्र दोनशे बारला दाबूनही वायूच.

आणि त्या टाकीजवळ जो पांढरा लोट दिसतो तो ऑक्सिजन नव्हे. ऑक्सिजन दिसत नाही. हवेतलं पाणी तिथं गोठतं, थेंब होतं, ते दिसतं.

टिळकवाडीची_एमएस्सी

'स्थायी' वायूंची पहिली पडझड कुणी केली माहीत आहे का? एका लोखंडवाल्यानं. लुई कैयते हे फ्रान्समधल्या शातियों गावचे, वडिलांचा लोखंडाचा कारखाना सांभाळायचे. उद्यमबागेतल्यांना जवळचा वाटावा असा माणूस. ते ॲसिटिलीन दाबत असताना यंत्राला गळती लागून दाब अचानक सुटला आणि नळीत क्षणभर धुकं दिसलं. दुसऱ्या कुणी गळती बुजवून पुढचं काम धरलं असतं. यांनी धुक्याचाच पाठलाग केला. दाबलेल्या वायूला एकदम मोकळं सोडलं तर तो पसरताना स्वतःचीच उष्णता खर्च करतो आणि झटक्यात गार होतो. १८७७ च्या डिसेंबरात त्यांनी ऑक्सिजन सुमारे तीनशे वातावरणांपर्यंत दाबला, नळी उणे २९ पर्यंत गार केली आणि दाब सोडून दिला. नळीत ऑक्सिजनचं धुकं. त्याच दिवसांत जिनिव्हात राऊल पिक्ते यांनीही वेगळ्या वाटेनं तेच साधलं, एक वायू द्रव करून त्याच्या थंडाव्यात दुसरा, अशी पायरी-पायरीनं.

धुकं क्षणाचं होतं. भांड्यात शांतपणे उकळणारा द्रव ऑक्सिजन १८८३ साली पोलंडच्या क्राकोमध्ये व्रुब्लेव्स्की आणि ओल्शेव्स्की यांनी दाखवला. हायड्रोजन १८९८ ला, लंडनला ड्यूअरनी. शेवटी उरला हेलियम, त्याला १९०८ च्या जुलैत लायडनमध्ये कामरलिंग ओनेस यांनी उणे २६९ ला गाठलं. पंचाऐंशी वर्षं लागली. मी १८२३ पासून मोजतेय, फॅरेडेनं क्लोरीन द्रव केला तेव्हापासून.

तो किस्साही सांगूनच टाकते. फॅरेडेनं क्लोरीन आणि पाणी यांचे थंडीत धरलेले स्फटिक बंद काचनळीत घालून तापवले. नळीत पिवळे तेलकट थेंब जमले. भेटायला आलेल्या एका डॉक्टरांनी टोमणा मारला, नळ्या तरी नीट धूत जा. दुसऱ्या दिवशी फॅरेडेची चिठ्ठी त्यांच्या घरी: कालचं तुमचं तेल म्हणजे द्रव क्लोरीन निघालं. बंद नळीत वायूनं स्वतःच स्वतःवर दाब आणला होता, आणि क्लोरीनची रेघ १४४ वर असल्यानं तेवढं पुरलं. पाणी शुद्ध करायच्या केंद्रांवर क्लोरीनच्या आडव्या टाक्या असतात, त्यात आज हाच द्रव असतो, साध्या तापमानाला सहा-सात बार दाबात.

गोळीसोडा (निपाणी)

ताई, आमच्या सोड्याच्या बाटलीतला गॅस पण लिक्विड का?

टिळकवाडीची_एमएस्सी

नाही, तो पाण्यात विरघळलेला. गोळी दाबली की दाब जातो आणि तो बाहेर येतो. बाटलीत सीओटू द्रव व्हायला पन्नास-साठ बार लागतील, मग गोळी राहील निपाणीत आणि बाटली जाईल कागलला.

कंप्रेसरवाला (शहापूर)

वेल्डरच्या बर्फाचं राहिलंच. रेग्युलेटरमध्ये सीओटू साठ बारवरून एकदम खाली येतो, आणि सीओटू या बाबतीत फार हळवा, नेहमीच्या हवेत एका बारामागं साधारण एक अंश गार होतो. ऑक्सिजन त्याच्या पाव हिश्शानं. म्हणून सीओटूच्या रेग्युलेटरला हीटर लागतो आणि ऑक्सिजनच्या लागत नाही. जर्मनीत लिंडेनं १८९५ साली हीच गोष्ट हवेवर वापरली. दाब सोडून थोडी गार झालेली हवा पुढच्या हवेच्या नळीवरून परत फिरवायची, म्हणजे पुढची आणखी गार, तिच्या पुढची त्याहून गार, शेवटी थेंब. आजही हवेतून ऑक्सिजन, नायट्रोजन, आर्गॉन काढतात ते हवा आधी द्रव करूनच. उणे १९६ ला नायट्रोजन उकळतो, उणे १८६ ला आर्गॉन, उणे १८३ ला ऑक्सिजन. वेगवेगळे निघतात.

आता माझ्या धंद्याचं. वर सगळे गार करा, गार करा म्हणताहेत, पण फ्रिजमध्ये आम्ही आधी दाबतोच. फ्रिजच्या गॅसची रेघच उंच निवडलेली असते. जुन्या फ्रिजमधल्या १३४ए ची १०१, हल्लीच्या ६००ए ची १३५. त्यामुळे ४०-४५ अंशाला दाबावर आरामात द्रव होतो. पण एक अट: द्रव होताना त्याच्या अंगातून जी उष्णता निघते ती कुणीतरी न्यायला पाहिजे. फ्रिजच्या मागं किंवा कडेला हात लावा, गरम लागेल, ती हीच. गिऱ्हाईक फ्रिज भिंतीला चिकटवून ठेवतं, कॉइलवर बोटभर धूळ, वर कॅलेंडर अडकवलेलं, आणि मला फोन करतं की गॅस संपलाय. गॅस पुरता असतो. तो द्रव होईना म्हणून कूलिंग नाही.

परदेशात सीओटूवर चालणारे मोठे कूलिंग प्लँट आहेत. आपल्याकडच्या उन्हाळ्यात तो बाहेरच्या कॉइलमध्ये द्रव होतच नाही, सरांनी सांगितलेली ३१ ची रेघ आडवी येते. मग शंभर बारच्या आसपास नुसता गार करून काम भागवावं लागतं, आणि तो प्लँट वेगळ्या बांधणीचा असतो.

पॅनमन (चिकोडी)

पोरांनो, तुमचं ते उणे-बिणे राहू द्या. मी साखर कारखान्यात पॅनवर, म्हणजे रस आटवून साखरेचे दाणे धरायच्या बंद भांड्यावर, आयुष्य काढलं. वाफेचं पाणी होतं म्हणून साखर होते, एवढं मला ठाऊक.

रस शंभर अंशाला आटवला तर साखर करपते, रंग जातो. म्हणून पॅनमध्ये व्हॅक्यूम धरायचा, पाऱ्याच्या मापानं २५-२६ इंच. मग तो ६५-७० अंशालाच खळाळतो. आता हा व्हॅक्यूम येतो कुठून? लोकांना वाटतं पंपानं. पंप असतो, पण खरं काम कंडेन्सर करतो. पॅनमधून निघालेली वाफ वर कंडेन्सरमध्ये जाते, तिथं गार पाण्याचा फवारा. वाफेचं पाणी झालं की जागा रिकामी होते. किती रिकामी? एक लिटर पाण्याची शंभर अंशाला सोळाशेहून जास्त लिटर वाफ होते, आणि व्हॅक्यूममध्ये तर कितीतरी जास्त. ती सगळी पुन्हा लिटरभर झाली तर मागं काय राहणार? काहीच नाही. त्या काहीच-नाहीनं पॅनमधली पुढची वाफ ओढली जाते.

कंडेन्सर इमारतीच्या माथ्यावर का बसवतात माहितीय? त्यातलं पाणी पाइपनं खाली येतं, तो पाइप दहा-साडेदहा मीटरहून उंच ठेवतात आणि त्याचं तोंड पाण्यात बुडवतात. बाहेरची हवा पाणी तेवढंच वर ढकलू शकते, त्यामुळं पाणी आपोआप पडत राहतं आणि व्हॅक्यूम फुटत नाही. उन्हाळ्याकडं सीझन लांबला आणि स्प्रे पाँडचं, म्हणजे फवारे उडवून पाणी गार करायच्या तळ्याचं, पाणी कोमट झालं की व्हॅक्यूम उतरलाच. मग केमिस्टची धावपळ, पॅन रेंगाळतंय, मॅसेक्विट (दाणे आणि पाक यांचं दाट मिश्रण) तयार होईना.

पंप कशाला, तर रसातून आणि फटींतून जी हवा शिरते ती काढायला. गार पाण्यानं वाफ पाणी होते, हवा होत नाही. आता सरांचं वाचून कळलं की तिची रेघ फार खाली. आम्ही फक्त म्हणायचो, हवा लई चिवट.

साचेवाला (उद्यमबाग)

काका, भारीच. इव्हॅपोरेटरच्या बॉड्या (रस आटवायची बंद भांडी) एकापुढं एक लावलेल्या असतात त्याचं पण सांगा की.

पॅनमन (चिकोडी)

तेच ते. पहिल्या बॉडीत रस उकळला, त्याची वाफ दुसऱ्या बॉडीच्या नळ्यांबाहेर नेली. तिथं ती पाणी झाली आणि पाणी होताना जी ऊब सोडली तिच्यावर दुसऱ्या बॉडीतला रस उकळला. त्याची वाफ तिसरीला, तिची चौथीला. पुढच्या प्रत्येक बॉडीत दाब कमी, म्हणून कमी उबेवर उकळतं. बॉयलरची एक किलो वाफ चार बॉड्यांत मिळून साडेतीन-चार किलो पाणी उडवते. अमेरिकेतल्या लुइझियानात नॉर्बर्ट रिल्यू नावाच्या माणसानं हे बसवलं, पहिलं पेटंट १८४३ चं. आमच्या जुन्या चीफ केमिस्टनी हे नाव पॅनफ्लोअरवर सगळ्यांना पाठ करायला लावलं होतं. तो काळ गुलामगिरीचा. तो स्वतः कृष्णवर्णीय आईचा मुलगा, आणि उसाच्या मळ्यातली माणसं उघड्या कढयांपुढं भाजून निघत होती.

चुलीपुढची (वडगाव)

मी रोज वाचतेय, आज विचारतेच. घरचा सिलिंडर डिसेंबर-जानेवारीत संपत आला की ज्योत मरगळते. हलवला तर आत पाणी हलल्यासारखं वाजतं. गल्लीतल्या एक वहिनी तो आडवा करून वापरतात, म्हणतात आठवडाभर जातो. हे बरोबर आहे का? मला भीती वाटते.

हिडकलकर (संकेश्वर)

ताई, भीती योग्य आहे. वहिनींना आजच सांगा, आडवा करायचा नाही. उभ्या सिलिंडरमधून वरचा वायू शेगडीला जातो. आडवा केला की द्रव रेग्युलेटरमध्ये शिरतो, आणि त्या द्रवाचा बाहेर अडीचशे पट वायू होतो. शेगडी एवढ्यासाठी बनवलेली नाही.

ज्योत मरगळते त्याला दोन कारणं. सिलिंडरमध्ये एक वायू नसतो, मुख्यतः प्रोपेन आणि ब्युटेन यांचं मिश्रण. प्रोपेन उणे ४२ ला उकळतो, ब्युटेन उणे अर्ध्या अंशाच्या आसपास. जो लवकर उकळतो तो आधी निघून जातो, तळाला ब्युटेन जास्त उरतो. बारा-तेरा अंशाच्या सकाळी त्याचा दाब बेताचाच. दुसरं, उकळायला उष्णता लागते. ती द्रव सिलिंडरच्या पत्र्यातून घेतो. द्रव कमी म्हणजे पत्र्याला टेकलेली बाजू कमी, म्हणजे उष्णताही कमी. लग्नकार्यात आचारी एकाच सिलिंडरवर मोठी भट्टी लावतात तेव्हा खालच्या भागाला घाम फुटलेला दिसेल. त्या घामाची वरची कड म्हणजे आतल्या द्रवाची पातळी. घरी ओलं फडकं उभं फिरवून बघा, वरचा भाग आधी वाळतो, द्रव आहे तेवढा भाग ओला राहतो.

चुलीपुढची (वडगाव)

फडक्याचं करून बघितलं. चार बोटं उरलाय. नंबर लावला. वहिनींना पण सांगितलं, त्या म्हणाल्या इतकी वर्षं काही झालं नाही. काय बोलायचं.

गोठ्यातला (हुक्केरी)

मी जनावरांच्या कृत्रिम रेतनाचं काम करतो. आमच्या डब्यात द्रव नायट्रोजन, उणे १९६, त्यात वळूच्या रेताच्या कांड्या बुडवलेल्या. इथं दाब अजिबात नाही, सगळं थंडीवर. शेतकरी विचारतात झाकण सैल का, घट्ट लावा की. घट्ट लावलं तर डबा फुटेल. द्रव सतत थोडा उकळत असतो, एका लिटरचा सातशे लिटर होतो, त्याला वाट पाहिजे. नायट्रोजन संपत आला की कांड्या बाद, म्हणून आम्ही पट्टी बुडवून रोज पातळी बघतो. डब्याची बांधणी म्हणजे ड्यूअरनी १८९२ साली केलेली दुहेरी भिंतीची बाटली. चहाचा थर्मास त्याच घराण्यातला.

बंद गाडीत हा डबा घेऊन काचा लावून बसू नका. नायट्रोजन विषारी नाही, पण हवेतला ऑक्सिजन बाजूला सारतो आणि वास येत नाही.

खानापुरी

मधेच घुसतो. कणकुंबीला पावसाळ्यात गाडीच्या काचेपुढं दोन हात दिसत नाही, जांबोटी ओलांडून बेळगावकडं आलं की साफ. हेही द्रव होणंच ना?

टिळकवाडीची_एमएस्सी

तेच. समुद्रावरची ओली हवा घाट चढते, वर दाब कमी म्हणून पसरते, पसरते म्हणून गार होते. कैयतेच्या नळीत जे क्षणात झालं ते घाटात चार महिने चालतं. कणकुंबीला पाणी टाकून हवा बेळगावकडं उतरते तेव्हा ती निम्मी रिकामी झालेली असते. एक गोष्ट मात्र वेगळी: वाफेला थेंब धरायला काहीतरी कण लागतो, मिठाचा, धुराचा, धुळीचा. अगदी स्वच्छ हवेत वाफ मर्यादेच्या कित्येक पट साचली तरी थेंब धरत नाही.

वेल्डर_मच्छे

बरं. सीओटूची टाकी गारठली, प्रेशर पडलं की आमच्यात बर्नर फिरवून ऊब देत्यात. चालतंय का?

हिडकलकर (संकेश्वर)

अजिबात नाही. टाकीत सीओटू भरतात तो तिच्यात मावणाऱ्या पाण्याच्या वजनाच्या साधारण दोन-तृतीयांश. तापल्यावर द्रव खूप फुगतो, आणि पूर्ण भरलेल्या टाकीत तर ३१ च्या आधीच टाकीभर होतो. तिथून पुढं एकेक अंशाला दाब झपाट्यानं चढतो. बर्नर एकाच जागी पत्रा तापवतो, तो कमजोर होतो ते आणखी. जोरात वापरलं की द्रव स्वतःच गारठतो आणि काटा थोडा उतरतो. टाकीला थोडा वेळ विश्रांती द्या, काटा परत येईल. काम जास्तच असेल तर दोन टाक्या एकत्र जोडा.

साचेवाला (उद्यमबाग)

आमच्याकडे भंगार तोलायचा जुना प्लॅटफॉर्म काटा पडून होता, सीओटूची टाकी त्याच्यावर उभी केली, साखळीनं बांधून. दर पाळीला वजन फळ्यावर लिहायचं ठरलंय. आतला सीओटू चार किलोच्या खाली गेला की टाकी बदलायची. रात्रपाळीचा मुकादम म्हणतो, गेजचा काटा बघायची सवय मोडायला महिना लागेल.

वेल्डर_मच्छे

आता शेवटचं. आमच्या डीएच्या टाकीत काय असतंय? ते पण हलवलं तर जड लागतंय, आणि गेज पंधरा-सोळाच दाखवतंय.

टिळकवाडीची_एमएस्सी

ॲसिटिलीनची रेघ ३५ अंशाला आहे, म्हणजे दाबून द्रव करता येतो, पण कुणी करत नाही. नुसता दाबलेला ॲसिटिलीन धक्क्यानं स्वतःच फुटतो, हवेचीही गरज लागत नाही. म्हणून टाकीत सच्छिद्र भराव असतो, त्यात ॲसिटोन नावाचा द्रव मुरवलेला, आणि ॲसिटिलीन त्या ॲसिटोनमध्ये विरघळवून ठेवतात. डीए म्हणतात तो 'डिझॉल्व्ह्ड ॲसिटिलीन', म्हणजे विरघळवलेला, म्हणूनच. टाकी आडवी करून वापरू नका, ॲसिटोन बाहेर येतो.

वेल्डर_मच्छे

आमच्यात आडवीच असतीया. उद्या उभी करतो.